‘४३ ०१ ०१ ७१’: ईसीयूने नेमकं काय सांगितलं होतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: १.६ लिटरची, चार सिलिंडरची पेट्रोल गाडी. चेक इंजिनचा दिवा लागला. ब्लूटूथ ॲडॉप्टर लावून स्वतः लिहिलेल्या छोट्या प्रोग्रामने कोड विचारले, उत्तर आलं ४३ ०१ ०१ ७१. त्याचा अर्थ पी०१०१, म्हणजे हवा मोजणारा सेन्सर, असा लावून सेन्सर नवा टाकला आणि कोड पुसला. दोन दिवस ठीक गेले, तिसऱ्या दिवशी दिवा परत. नवा सेन्सरसुद्धा आयडलला (रेस न देता इंजिन चालू असताना) सेकंदाला १.१ ग्रॅमच हवा दाखवतो. शिवाय फ्रीझ फ्रेममध्ये (कोड नोंदवताना टिपून ठेवलेल्या आकड्यांत) पाण्याचं तापमान उणे ४० आणि आरपीएम २.७५ दिसतात. ईसीयूच (इंजिन सांभाळणारा संगणक) गेला आहे का? सोबत लॉग दिला आहे.

ईसीयू ठणठणीत आहे. तुम्ही काढून ठेवलेला सेन्सरही बहुतेक ठणठणीत असावा. घोळ तुमच्या प्रोग्रामने केला आहे आणि तोही फक्त एका बाईटचा. तोच घोळ त्याने दोन ठिकाणी केला, म्हणून एका चुकीला दुसरीचा दुजोरा मिळाल्यासारखं झालं आणि संशय थेट ईसीयूपर्यंत पोचला. (हेक्समधली, म्हणजे सोळाच्या पायावरच्या मोजणीतली, ए ते एफ ही अक्षरं मी देवनागरीत लिहितो आहे. लॉगशी ताडून बघताना तेवढं लक्षात असू द्या.)

आधी ‘४३ ०१ ०१ ७१’ बघू. मोड म्हणजे प्रश्नाचा प्रकार, आणि मोड ०३ म्हणजे ‘नोंदवलेले कोड सांग’. उत्तरात मोडच्या आकड्यात ४० मिळवलेले असतात, म्हणून ४३. पुढे काय येतं हे गाडी कोणत्या प्रोटोकॉलवर बोलते त्यावर ठरतं आणि नेमक्या याच जागी लोक फसतात. के-लाइनच्या, म्हणजे एका तारेवर बोलणाऱ्या, जुन्या गाड्यांत ४३ नंतर लगेच कोड सुरू होतात. एका उत्तरात तीन कोडांची जागा, म्हणजे सहा बाईट, आणि उरलेल्या जागी शून्यं. अशा गाडीने हाच कोड ‘४३ ०१ ७१ ०० ०० ०० ००’ असा सांगितला असता. कॅनवर (ईसीयूंना जोडणारं दोन तारांचं नवं नेटवर्क) बोलणारी गाडी मात्र ४३ नंतर आधी कोड किती आहेत ते सांगते आणि मग कोड देते. तुमच्या लॉगच्या सुरुवातीला ॲडॉप्टरने प्रोटोकॉल ‘ए६’ सांगितलाय. त्यातला ए म्हणजे आपोआप शोधलेला आणि ६ म्हणजे ११ बिटांचा, ५०० किलोबिटचा कॅन. ६ ते ९ हे सगळे कॅनचेच. तेव्हा पहिला ०१ म्हणजे ‘एक कोड आहे’, आणि तो कोड ०१ ७१.

म्हणजे पी०१७१. मिश्रण पातळ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), बँक १ (सिलिंडरांची पहिली रांग).

तुमच्या प्रोग्रामने तो मोजणीचा ०१ कोडातच धरला, ०१ ०१ ची जोडी लावून पी०१०१ वाचलं आणि उरलेला ७१ टाकून दिला. एक बाईट उरतोय हे दिसल्यावर तिथेच थांबायला हवं होतं. कोड दोन बाईटचे असतात, एकटा बाईट उरला की वाचण्यात चूक आहे. नशिबाचा खेळ असा की चुकून तयार झालेला पी०१०१ हा खरा, अर्थपूर्ण कोड निघाला. तो अगदीच निरर्थक निघाला असता तर तुम्ही सेन्सर बदलायच्या आधी लॉग पुन्हा उघडला असता.

हा फरक कुठून आला तेही सांगतो, कारण इंटरनेटवर सापडणारे नमुना प्रोग्राम निम्मे एका काळातले आणि निम्मे दुसऱ्या काळातले असतात. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून ओबीडी-२ (गाडीला दोष विचारायची ही सामाईक पद्धत) सक्तीचं झालं, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून. तेव्हा कंपन्या आपापल्या पसंतीच्या तारांवर बोलत होत्या. अमेरिकेत २००८ पासून सगळ्यांना कॅन बंधनकारक झाला. सोळा पिनांचा सॉकेट तोच राहिला, मोडही तेच राहिले, फक्त उत्तराची बांधणी काही ठिकाणी बदलली. २००३ च्या गाडीवर तपासलेला प्रोग्राम आजच्या गाडीला लावला की नेमकं तुमच्यासारखं होतं.

कोड उलगडायची रीत एकदा हाताने करून बघा, म्हणजे पुन्हा चुकणार नाही. पहिल्या बाईटचे वरचे दोन बिट अक्षर ठरवतात: ०० असेल तर पी (इंजिन-गिअरबॉक्स), ०१ असेल तर सी (चॅसी), १० असेल तर बी (बॉडी), ११ असेल तर यू (आपसातलं नेटवर्क). त्यापुढचे दोन बिट पहिला आकडा देतात, उरलेलं हेक्स जसंच्या तसं. ०१ ७१ मध्ये वरचे चारही बिट शून्य, म्हणून पी०, आणि पुढे १७१. उद्या कधी सी१ ०० आलं तर सी१ म्हणजे ११०० ०००१, म्हणून यू०१००: इंजिनच्या ईसीयूशी संपर्क तुटला. अर्थ शोधताना पी० ने सुरू होणारे कोड सगळ्या गाड्यांत सारखे असतात, पी१ वाले कंपनीचे स्वतःचे. पी१ चा अर्थ दुसऱ्याच कंपनीच्या यादीतून काढून पार्ट बदलणारे मी पुष्कळ पाहिले आहेत.

आता फ्रीझ फ्रेम. कोड नोंदवताना ईसीयू त्या क्षणीच्या परिस्थितीची एक चिठ्ठी लिहून ठेवतो, ती मोड ०२ ने वाचायची. तुम्ही ०२ ०५ ०० विचारलं, म्हणजे ‘चिठ्ठी क्रमांक शून्यातलं पाण्याचं तापमान’. उत्तर आलं ४२ ०५ ०० ८३. तुमच्या प्रोग्रामने मोड ०१ ची सवय इथेही चालवली: दोन बाईट सोडले आणि तिसरा घेतला. पण तिसरा बाईट चिठ्ठीचा क्रमांक आहे. शून्यातून ४० वजा केले की उणे ४० येणारच. खरा आकडा चौथा: ८३ म्हणजे १३१, त्यातून ४० गेले, ९१ अंश. इंजिन व्यवस्थित तापलेलं होतं. आरपीएमचंही तेच. ४२ ०सी ०० ०बी ५४ मध्ये प्रोग्रामने ०० ०बी घेतलं, ११ भागिले ४, आणि २.७५ काढले. घ्यायला हवं होतं ०बी ५४: ११ गुणिले २५६ अधिक ८४, म्हणजे २९००, भागिले ४, म्हणजे ७२५. ४२ ०डी ०० ०० मधला शेवटचा शून्य वेगाचा. गाडी उभी, इंजिन गरम, आरपीएम ७२५. दिवा लागला तेव्हा तुम्ही बहुधा सिग्नलला थांबला होता.

हे ‘उणे ४०’ ध्यानात ठेवण्यासारखं आहे. चालू डेटात, मोड ०१ मध्ये, खरंच उणे ४० आले तर त्याचा अर्थ कडाक्याची थंडी नव्हे. बाईट शून्य आहे, म्हणजे सेन्सरची तार तुटली आहे किंवा कनेक्टर निघाला आहे. दुसऱ्या टोकाला एफएफ, म्हणजे २१५ अंश, दिसले तर तार कुठेतरी शॉर्ट झाली आहे. मोजपट्टीच्या अगदी टोकावरचा आकडा दिसला की मी आधी वायर बघतो, इंजिन नंतर.

त्याच लॉगमध्ये तुमच्या नजरेतून सुटलेली एक ओळ आहे: ४२ ०२ ०० ०१ ७१. फ्रीझ फ्रेममधली ०२ क्रमांकाची नोंद म्हणजे ‘ही चिठ्ठी कोणत्या कोडामुळे लिहिली’. तिथेही ०१ ७१ च. आणि ४१ ०१ ने सुरू होणाऱ्या ओळीत पुढचा बाईट ८१ आहे. त्याचा सर्वांत वरचा बिट लागलेला, म्हणजे दिवा चालू, आणि बाकीचे सात बिट मिळून १, म्हणजे कोड एकच. एकच गोष्ट ईसीयूला तीन वेगवेगळ्या प्रश्नांतून विचारली आणि तिन्ही उत्तरं जुळली. प्रोग्राम स्वतः लिहिला असेल तर ही पडताळणी पार्ट विकत घ्यायच्या आधी करायची.

आणखी एक दुरुस्ती करा. तुमच्या लॉगमध्ये ४३ ०१ ०१ ७१ च्या खाली ‘४३ ००’ अशी ओळ आहे आणि तुम्ही ती ‘कधी कोड दाखवतो, कधी नाही’ अशी समजलात. तसं नाही. कॅनवर प्रश्न ७डीएफ या पत्त्यावर जातो. ती सगळ्यांना मिळून मारलेली एकच हाक असते. इंजिनचा ईसीयू ७ई८ वरून ओ देतो, गिअरबॉक्सचा सहसा ७ई९ वरून. दुसरी ओळ त्या दुसऱ्याची: ‘माझ्याकडे शून्य कोड’. हेडर (उत्तर देणाऱ्याचा पत्ता) बंद असल्याने कोण बोलतंय ते दिसत नाही. ‘एटीएच१’ देऊन हेडर चालू करा, मग पहिली ओळ ७ई८ ०४ ४३ ०१ ०१ ७१ अशी दिसेल. तो नवीन ०४ म्हणजे पुढे कामाचे चार बाईट आहेत, त्यानंतरचे भरतीचे. ही लांबी प्रोग्रामने तपासली असती तरी घोळ पकडला गेला असता. तीन किंवा जास्त कोड असले तर उत्तर एका फ्रेममध्ये मावत नाही, तुकड्यांत येतं. ते तुकडे जोडायची सोय आताच करून ठेवा.

जाता जाता: प्रोग्राममध्ये मोड ०१ ते ०९ असा सरसकट लूप कधीही फिरवू नका. मोड ०४ म्हणजे ‘सगळं पुसून टाक’, आणि तो खात्री करून घ्यायला परत विचारत नाही. हे शहाणपण मला स्वतःच्या हाताने मिळालंय. सुरुवातीच्या काळात एका ग्राहकाच्या गाडीवर, इग्निशन ऑन, इंजिन बंद, मी मोठ्या हौसेने लूप चालवला. ०३ चं उत्तर स्क्रीनवरून वर सरकून गेलं, पाठोपाठ ०४ गेला, आणि महिन्यातून एकदाच उगवणारा तो दोष फ्रीझ फ्रेमसकट नाहीसा झाला. गाडी मी तशीच परत दिली, त्यांना काय सांगितलं ते इथे लिहीत नाही.

आता मूळ दुखणं. पी०१७१ म्हणजे ‘अमुक पार्ट खराब’ असं नव्हे. त्याचा अर्थ एवढाच: ऑक्सिजन सेन्सर सतत ‘पेट्रोल कमी पडतंय’ म्हणतोय, ईसीयू वाढवून वाढवून देतोय, आणि आता वाढवायची मर्यादा संपली. किती वाढवलं ते फ्युएल ट्रिम सांगतात. ०६ म्हणजे अल्पकालीन, क्षणाक्षणाला हलणारा. ०७ म्हणजे दीर्घकालीन, शिकून ठेवलेला. दोन्हींचं गणित एकच: आकड्यातून १२८ वजा करा, १०० ने गुणा, १२८ ने भागा. ८० हेक्स म्हणजे शून्य टक्के. हे दोन वेगवेगळे बघायचे नाहीत, बेरीज बघायची.

तुमच्या लॉगमध्ये आयडलला ४१ ०७ ९सी आणि ४१ ०६ ८ए. ९सी म्हणजे १५६, त्याचे अधिक २१.९ टक्के. ८ए म्हणजे १३८, अधिक ७.८. बेरीज जवळजवळ तीस. निरोगी इंजिनात ही बेरीज पाचाच्या आतबाहेर खेळते, दहापर्यंत मी दुर्लक्ष करतो. तीस म्हणजे ईसीयू अक्षरशः ओतत बसला आहे.

पण तुम्ही फार चांगलं काम केलंत: रेस धरून २५०० आरपीएमवरही नोंद घेतलीत. तिथे ४१ ०७ ८६ आणि ४१ ०६ ७ई, म्हणजे अधिक ४.७ आणि उणे १.६. बेरीज तीन. आयडलला तीस आणि रेस दिली की तीन! या एका जोडीत निदानाचा मोठा भाग आला. सेन्सरला चुकवून इंजिनात शिरणारी हवा, म्हणजे व्हॅक्यूम लीक, अशीच वागते. भोक तेवढंच राहतं. आयडलला थ्रॉटल जवळजवळ मिटलेला, मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांत) ओढ जबरदस्त आणि एकूण हवा थोडी, त्यामुळे चोरवाटेने येणारी हवा त्यात मोठा वाटा उचलते. थ्रॉटल उघडला की एकूण हवा कितीतरी पट वाढते आणि त्या भोकाचा हिस्सा नगण्य होतो. उलटं चित्र असतं, म्हणजे आयडलला ठीक आणि चढावर, लोडवर ट्रिम वाढत जाणारा, तर मी पेट्रोल पंप, फिल्टर किंवा मळलेला हवेचा सेन्सर यांच्याकडे वळलो असतो.

मग १.१ ग्रॅमचं काय? ४१ १० ०० ६ई, ११० भागिले १००, वाचन बरोबर आहे. गरम इंजिन, एसी बंद, आयडलला साधारण जितके लिटर तितके ग्रॅम असा आमच्यात ठोकताळा आहे. तुमच्या १.६ ला दीडच्या पुढे हवे होते. तुम्हाला कमी दिसले, सेन्सर बदलला, नवाही तेवढेच म्हणतो. दोन वेगळे सेन्सर एकच गोष्ट सांगत असतील तर दोघेही खरं बोलतायत असं मी धरतो. सेन्सर त्याच्यासमोरून गेलेली हवाच मोजतो. इंजिनला दीड ग्रॅम लागतात, १.१ दारातून आले आणि उरलेले मागच्या खिडकीतून. त्या उरलेल्या हवेचं पेट्रोल ईसीयूने हिशेबात धरलंच नाही, ऑक्सिजन सेन्सरने तक्रार केली, आणि ट्रिम वर चढला. तुमचे सगळे आकडे या एका गोष्टीने सुटतात.

दोन दिवस दिवा का लागला नाही? मोड ०४ ने पुसताना कोडाबरोबर शिकलेला ट्रिमही बहुतेक गाड्यांत शून्यावर जातो, तो परत चढायला वेळ लागतो. शिवाय हा दोष सहसा पहिल्या फेरीत ‘प्रलंबित’ राहतो आणि पुढच्या फेरीत पुन्हा दिसला तरच पक्का होऊन दिवा लावतो. त्या दोन दिवसांत मोड ०७ विचारला असता तर ४७ ०१ ०१ ७१ आधीच दिसलं असतं.

आता शोध. बॉनेट उघडा, इंजिन गरम आणि आयडलवर. लॅपटॉपवर फक्त ०१ ०६ हा एकच प्रश्न सतत विचारत राहा. एकाच वेळी दहा गोष्टी विचारल्या तर ब्लूटूथवरून प्रत्येक आकडा जुना होऊन येतो. प्रश्नाच्या शेवटी एक आकडी १ जोडलात (०१ ०६ १) तर ॲडॉप्टर एक उत्तर मिळताच मोकळा होतो, आणखी कुणी बोलेल का म्हणून वाट बघत बसत नाही. मग मॅनिफोल्डला जाणारे रबरी पाइप एकेक करून नरम जबड्याच्या पक्कडने हलकेच दाबा: क्रँककेसच्या वाफेचा, ब्रेक बूस्टरचा (हा गाडी उभी असतानाच), पेट्रोलच्या वाफा ओढणाऱ्या पर्ज व्हॉल्व्हचा. ज्या पाइपावर लीक असेल तो दाबला की ट्रिम कोसळेल. आणि तो ८० वर येऊन थांबणार नाही, त्याच्याही खाली, हेक्स ६८-७० च्या आसपास जाईल, कारण दीर्घकालीन ट्रिमचे बावीस टक्के अजून वरून पडतच आहेत. आकडा उणे झाला म्हणून घाबरू नका. तोच हवा आहे.

पाइप दाबून काही हललं नाही तर एअर फिल्टर आणि थ्रॉटलमधला घड्यांचा रबरी एल्बो बघा. वरून नवा कोरा दिसतो, चीर असते ती खालच्या बाजूच्या घडीत, आणि हाताने वाकवल्याशिवाय तोंड उघडत नाही. अंगठ्याने प्रत्येक घडी फाकवून, टॉर्च मारून बघा. बोटाला काळी पावडर लागली तर रबर मेलंय. तिथेही काही नसेल तर मॅनिफोल्डचं पॅकिंग, आणि त्यासाठी धुराची चाचणी करणारं गॅरेज गाठलेलं बरं. कार्ब क्लीनर फवारून लीक शोधायची जुनी युक्ती मी गरम एक्झॉस्टजवळ करत नाही, तुम्हीही करू नका. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट फुटला असेल तरी अशीच लक्षणं दिसू शकतात, पण तो थंड इंजिनात टिकटिक आवाज करतो, कान देऊन ऐका.

लीक सापडून बंद झाली की मगच मोड ०४, आणि त्याआधी सगळ्या लॉगची प्रत काढून ठेवा. मग दोन-तीन दिवस रोजच्यासारखी चालवा. कोड पुसल्यावर गाडीच्या स्वतःच्या तपासणीचे मॉनिटरही रिकामे होतात, ते ४१ ०१ च्या उरलेल्या तीन बाईटांत दिसतात. ते पूर्ण व्हायच्या आत ‘कोड नाही’ या उत्तराला फारसा अर्थ नसतो. आयडलला दोन्ही ट्रिमची बेरीज पाचाच्या आसपास, हवा दीड ग्रॅमच्या पुढे, आणि मोड ०७ ला ४७ ०० आलं की काम झालं. रोज घरी आल्यावर ॲडॉप्टर काढून ठेवत जा, सोळा नंबरच्या पिनवर किल्ली काढली तरी बॅटरीचा करंट असतो.

आणि जुना सेन्सर अजून टाकला नसेल तर त्याची जाळी न दुखवता नीट गुंडाळून ठेवा.